त्रास नाही म्हणणारी मुलं

मुलांना संधिवात होतो असं सांगितलं, की समोरचा माणूस हमखास एकदा थबकतो. संधिवात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे म्हातारे गुडघे येतात, वाकडी झालेली बोटं येतात, जिना चढताना घट्ट धरलेला कठडा येतो. नुकतं पळायला शिकलेलं मूल सकाळी उठल्यावर जमिनीला पाय टेकायला तयार नसतं, दुपारी मात्र खेळायला लागतं, आणि याचं कारण संधिवात आहे, हे पचायला वेळ लागतो. पडलं असेल, पाय मुरगळला असेल, वाढत्या वयात हाडं दुखतातच, असं म्हणता म्हणता कित्येक आठवडे निघून जातात.

वैद्यकातली व्याख्या मोजक्या शब्दांची आहे. वयाच्या १६ व्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान ६ आठवडे टिकलेली आणि दुसरं कुठलंही कारण न सापडलेली सांध्यांची सूज. या आजाराला ‘जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’ म्हणतात, थोडक्यात जेआयए. सध्याच्या वर्गीकरणात त्याचे ७ प्रकार आहेत. एखाद्या मुलाचा एकच गुडघा सुजतो, एखाद्याची बोटांची पेरन् पेरं. एखाद्याला रोज चढणारा-उतरणारा ताप येतो, अंगावर पुरळ उठतं आणि सांधे मागाहून धरतात.

माझं काम भाषेचं. मी या मुलांपर्यंत पोचले ती त्यांना विचारायच्या प्रश्नांच्या वाटेने. रक्त तपासता येतं, सुजलेले सांधे मोजता येतात, गुडघा किती अंशांत वाकतो तेही मोजता येतं. पण ते मूल आपल्या शर्टाची बटणं आपण लावतं का, भरलेला पेला ओठांपर्यंत नेतं का, वर्गात लिहिता लिहिता मध्येच पेन खाली ठेवतं का, हे कुठल्याच यंत्रावर उमटत नाही. ते विचारावं लागतं. त्यासाठी प्रश्नावल्या आहेत, त्यातल्या बहुतेक इंग्रजीत जन्मल्या आहेत आणि तिथून त्यांना जगभरच्या भाषांत न्यावं लागतं. या न्यायच्या कामात मी मदतीला गेले आणि गुंतले. गुंतले ती मुख्यतः एका रकान्यामुळे. तो रकाना म्हणजे ‘काहीच त्रास होत नाही’.

त्याकडे येण्याआधी प्रश्नावलीची थोडी ओळख करून द्यायला हवी. १९८० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स फ्राइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ संधिवाताच्या रुग्णांसाठी ‘हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’ तयार केली. तिच्यावरून १९९४ मध्ये सिंग, अत्रेय, फ्राइज आणि गोल्डस्मिथ यांनी मुलांसाठी एक प्रश्नावली घडवली, ती ‘चाइल्डहूड हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’, थोडक्यात सीएचएक्यू. तिच्यात ३० प्रश्न आहेत, ८ क्षेत्रांत वाटलेले: कपडे घालणं आणि आवरणं, उठणं, खाणं, चालणं, अंगाची स्वच्छता, हात पोचवणं, पकड, आणि खेळणं-धावणं वगैरे रोजचे उद्योग. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं: काहीच त्रास होत नाही, थोडा त्रास होतो, खूप त्रास होतो, करताच येत नाही. त्यांना ० ते ३ गुण. शिवाय ‘लागू नाही’ असा पाचवा रकाना. विचारायचं ते फक्त गेल्या आठवड्याबद्दल, आणि फक्त आजारामुळे होणाऱ्या त्रासाबद्दल. दुखणं किती आणि एकंदर तब्येत कशी, हे दाखवायला दोन आडव्या रेघा, त्यांवर योग्य जागी खूण करायची.

गुण काढायच्या रीतीत एक खोच आहे. एका क्षेत्रातल्या प्रश्नांची सरासरी काढत नाहीत. त्यातलं सगळ्यात वाईट उत्तर हाच त्या क्षेत्राचा गुण, आणि मग आठ क्षेत्रांची सरासरी. म्हणजे एकाच प्रश्नाचं उत्तर एक पायरी सरकलं तर शेवटचा आकडा ०.१२५ ने हलू शकतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘सुधारणा झाली’ म्हणण्याजोगी गुणांतली घट जेमतेम ०.१३ निघाली होती. एक पायरी, बस.

आता मूळ प्रश्नावलीतला अंघोळीच्या टबाचा प्रश्न घ्या. टबात उतरून अंघोळ करता येते का, बाहेर येता येतं का? ज्या घरात टबच नाही, तिथल्या आईने काय उत्तर द्यायचं? ‘लागू नाही’ हे बरोबर. पण ती ‘करताच येत नाही’ यावरही खूण करू शकते, आणि तिच्या बाजूने तेही खरंच असतं. तिने तशी खूण केली की स्वच्छतेच्या क्षेत्राला एकदम ३ गुण मिळतात. त्या क्षेत्रात एरवी शून्य असतं तर शेवटच्या आकड्यात ०.३७५ ची भर पडते. मुलाचे सांधे कालच्यासारखेच, कागदावर मात्र मूल खालावलेलं. व्हॅक्यूम क्लीनर फिरवणं, अंगणातली कामं, मोटारीचं दार उघडणं, गोल मूठ फिरवून दार ढकलणं, या सगळ्या प्रश्नांना हाच धोका आहे. म्हणून रूपांतर करताना प्रश्नातली वस्तू बदलावी लागते आणि हालचाल मात्र जपावी लागते. दाराच्या मुठीच्या प्रश्नात मोलाचं काय आहे? मूठ आवळणं, मनगट पिळणं आणि त्याच वेळी अंगाचा जोर पुढे टाकणं. हे तिन्ही एकत्र मागणारं दुसरं कोणतं काम त्या मुलाच्या दिवसात आहे, ते शोधायचं. शब्दकोश यात काही मदत करत नाही. फिजिओथेरपिस्ट करतात, आया करतात.

एवढी काटेकोर काळजी का, असं वाटेल. त्याचं कारण औषधांत आहे. एखाद्या औषधाने मुलाला उतार पडला की नाही, हे ठरवण्यासाठी १९९७ मध्ये ६ मोजमापं निश्चित करण्यात आली: डॉक्टरांचं एकंदर मत, पालकांचं किंवा मुलाचं एकंदर मत, सक्रिय सूज असलेले सांधे, हालचाल कमी झालेले सांधे, रक्तातला ईएसआर (अंगात सूज किती आहे याची खूण) आणि रोजच्या कामांची क्षमता. यातल्या किमान ३ मोजमापांत ३० टक्के सुधारणा हवी, आणि ३० टक्क्यांहून अधिक बिघाड एकापेक्षा जास्त ठिकाणी नको. शेवटची क्षमता बहुतेक चाचण्यांत सीएचएक्यूवरूनच मोजतात. म्हणजे ६ पैकी दोन मोजमापं घरच्यांच्या शब्दावर उभी आहेत.

शिवाय ही मुलं विखुरलेली असतात. वेगवेगळ्या पाहण्यांत जेआयएचं प्रमाण १ लाख मुलांमागे १६ ते १५० इतकं आढळलं आहे. एका रुग्णालयात, कित्येकदा एका देशातही, चाचणीला पुरतील इतकी मुलं जमत नाहीत. त्यासाठीच १९९६ मध्ये आल्बेर्तो मार्तिनी आणि निकोलिनो रुपेर्तो यांनी इटलीतून ‘प्रिंटो’ हे बालसंधिवाततज्ज्ञांचं आंतरराष्ट्रीय जाळं उभं केलं. २००१ मध्ये या जाळ्याने सीएचएक्यू आणि मुलांच्या एकंदर आरोग्याची आणखी एक प्रश्नावली यांची ३२ देशांसाठी केलेली रूपांतरं एकत्र प्रसिद्ध केली. एका भाषेतलं मूल आणि दुसऱ्या भाषेतलं मूल एकाच तक्त्यात बसवायचं, तर एकाचा १ आणि दुसऱ्याचा १ सारखाच भरायला हवा. ज्या भाषेत प्रश्नावली धड नाही, तिथली मुलं चाचणीतून सुरुवातीलाच गळतात. त्यांच्यासारख्या मुलांवर औषध कसं चालतं, हे मग कुणालाच कळत नाही. मला या कामातली सगळ्यात टोचणारी गोष्ट हीच वाटते.

कामाची ठरलेली पद्धत आहे. बीटन, बॉम्बार्डिए, गिलमॅ आणि फेराझ यांनी २००० मध्ये मांडलेल्या मार्गदर्शक पायऱ्या आजही बऱ्याच ठिकाणी वापरतात. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं. त्यातल्या एकाला विषय माहीत असावा, दुसऱ्याला मुद्दाम माहीत नसावा. दोन्ही भाषांतरं ताडून एक मसुदा करायचा. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांनी तो मसुदा परत मूळ भाषेत आणायचा. मग डॉक्टर, भाषेची माणसं, भाषांतरकार आणि पद्धतीचे जाणकार यांची समिती सगळे कागद समोर ठेवून बसते. शेवटी ३० ते ४० जणांवर मसुदा वापरून बघायचा, ही पूर्वचाचणी. त्यापुढे आकडेशास्त्राच्या कसोट्या: आठवड्याभराने परत विचारलं तर तेच उत्तर येतं का, एका क्षेत्रातले प्रश्न एकमेकांशी जुळतात का, सांधे जास्त सुजलेल्या मुलांचे गुण खरंच जास्त येतात का.

यातल्या उलट भाषांतराला फार मान मिळतो, आणि तो मला जास्त वाटतो. त्याने गळलेला नकार सापडतो, उलटा झालेला अर्थ सापडतो, हे खरं. पण पुस्तकी, ताठ वाक्य उलट भाषांतरात अगदी बिनचूक परत येतं. कदाचित त्याचमुळे येतं, कारण ते मूळ वाक्याला चिकटूनच लिहिलेलं असतं. समितीतले सगळे मान डोलावतात. मग तोच कागद रांगेत ताटकळलेल्या वडिलांच्या हातात जातो आणि ते तिसऱ्या ओळीपाशी अडतात. माझ्या मते खरं काम शेवटच्या पायरीवर होतं, जिथे उत्तर देणाऱ्याला विचारतात की तुम्ही हीच खूण का केलीत. तिला ‘कॉग्निटिव्ह डीब्रीफिंग’ असं भारदस्त नाव आहे. करायचं एवढंच, की शेजारी बसायचं, घाई करायची नाही आणि ऐकायचं.

‘काहीच त्रास होत नाही’ हा रकाना मला तिथे भेटला.

नऊएक वर्षांचा एक मुलगा. नळ उघडता-बंद करता येतो का? त्रास नाही. मी म्हटलं, “कसा उघडतोस, दाखव ना.” त्याने दोन्ही मनगटं जवळ आणली, मधल्या जागेत नळाची चकती धरल्यासारखं केलं आणि खांद्यांपासून सगळं अंग वळवलं. बोटं कुठेच वाकली नाहीत. मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, “ताई, सगळे असाच उघडतात ना?” तो खोटं बोलत नव्हता, काही लपवत नव्हता. दोन वर्षांचा असताना आजार सुरू झालेला. न दुखणारं बोट कसं असतं, हे त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. मोठ्या माणसाला संधिवात झाला तर ‘पूर्वी जमायचं, आता जमत नाही’ असं म्हणायला त्याच्यापाशी ‘पूर्वी’ असतं. या मुलांपाशी ते नसतं. मोठ्यांच्या प्रश्नावलीवरून मुलांची प्रश्नावली बेतताना शब्द सोपे केले, टबाजागी दुसरं काही घातलं, तरी हा फरक आपोआप भरून निघत नाही.

दुसरं कारण घरात असतं. प्रेमाने आणि सवयीने घर मुलाच्या आजाराभोवती हळूहळू वळण घेतं. बटणांचे शर्ट जाऊन डोक्यातून घालायचे सदरे येतात, आणि खांदे धरले की तेही जाऊन सैल कपडे येतात. बुटांना नाडीऐवजी चिकटपट्टी येते. वह्या-पुस्तकं खालच्या फळीवर येतात. बाटलीचं झाकण कुणीतरी आधीच सैल करून ठेवतं. मग प्रश्न येतो, कपडे घालता येतात का, बटणं आणि नाड्या यांसह? आई मनापासून लिहिते, काहीच त्रास नाही. महिनोन् महिने बटण समोर आलेलंच नसतं.

प्रश्नावली करणाऱ्यांना याचा अंदाज होता, हे मान्य करायला हवं. सीएचएक्यूमध्ये कोणती साधनं लागतात आणि कोणत्या कामात दुसऱ्या माणसाची मदत लागते, हे वेगळं विचारलेलं आहे. मदत लागत असेल तर त्या क्षेत्राचा गुण किमान २ धरतात, खूण ० वर असली तरी. पण हे प्रश्न याद्यांच्या रूपात येतात, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा कोरा राहणारा भाग तोच. लोक त्याला सरकारी अर्जातल्या ‘असल्यास’च्या ओळीसारखं समजतात आणि पुढे जातात. रूपांतर करणाऱ्यांचा वेळ प्रश्नांच्या शब्दांवर खर्च होतो आणि या याद्यांची मांडणी जशीच्या तशी उचलली जाते. माझं समितीत कुणाशी खरंखुरं भांडण झालं असेल तर ते याच याद्यांवरून, कारण त्या नीट भरल्या गेल्या नाहीत तर ‘त्रास नाही’ला लगाम उरत नाही.

‘लागू नाही’चा घोळही याच्याच शेजारी राहतो. त्या वयाच्या इतर मुलांकडूनही जे काम अपेक्षित नसतं, त्यालाच ‘लागू नाही’ म्हणायचं, अशी सूचना आहे. दोन वर्षांच्या बाळाने नखं कापणं लागू नाही, बरोबर. पण अकरा वर्षांच्या मुलीचे केस आई विंचरते, आणि आई लिहिते ‘लागू नाही’, कारण त्यांच्या घरी ते काम तिचंच आहे. मुलीचा हात डोक्यापर्यंत पोचतो का, हा प्रश्न त्या घरात कधी निघालेलाच नसतो. तिला तिथेच हात वर करायला सांगितलं, तेव्हा तो कानाच्या पाळीपर्यंत आला आणि थांबला. आईइतकंच त्या मुलीलाही नवल वाटलं.

आणि कधी कधी मूल जाणूनबुजून ‘त्रास नाही’ म्हणतं. मेथोट्रेक्सेट हे या आजारातलं मोठं आधाराचं औषध. आठवड्यातून एकदा घ्यायचं, गोळीने किंवा इंजेक्शनने. बऱ्याच मुलांना त्याने मळमळतं. काहींना पुढे पुढे औषधाचा दिवस उजाडला, नुसती सुई दिसली, तरी ढवळून येतं. त्रास आहे म्हटलं की डोस वाढेल, हे सात-आठ वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं. दुखतं म्हटलं की आईचा चेहरा उतरतो, हेही कळतं. किशोरवयात आणखी एक गोष्ट जमा होते: खेळाच्या तासाला बाकावर बसवून ठेवतील ही भीती. हे सगळं ‘काहीच त्रास होत नाही’ या एका खुणेत मावतं, आणि त्याचा गुण शून्य होतो.

म्हणून मला वाटतं, प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना सगळ्यात जास्त कष्ट या शून्यावर घ्यायला हवेत. ‘खूप त्रास होतो’ आणि ‘करताच येत नाही’ ही उत्तरं बोलकी असतात, कुठल्याही भाषेत ती सहसा चुकत नाहीत. शून्याचं तसं नाही. तक्रार करणं चांगलं समजतात की वाईट, डॉक्टरांपुढे खरं बोलावं की त्यांना बरं वाटेल असं बोलावं, मुलाची कामं कुणी करायची, यांवर ते अवलंबून राहतं, आणि याच गोष्टी भाषेगणिक आणि घरागणिक बदलतात.

मग करायचं काय? तपासून सिद्ध झालेल्या प्रश्नावलीत मनाला येईल तसा प्रश्न घालता येत नाही. तसं केलं तर इतर भाषांशी तुलना तुटते. पण सूचनांची भाषा आपल्या हातात असते. ‘मूल हे काम कसं करतं ते आठवा, मग खूण करा,’ हे वाक्य कुठे आणि किती ठळक छापायचं, हे आपल्या हातात असतं. आजारामुळे टाळलेलं काम कुठल्या रकान्यात घालायचं, हे साध्या शब्दांत आधीच सांगता येतं. आणि पूर्वचाचणीत दर ‘त्रास नाही’मागे ‘दाखव ना’ म्हणता येतं. मी यासाठी हट्ट धरते. वेळ जातो, रांग खोळंबते, काही डॉक्टरांना ते आवडत नाही.

मुलांनाच थेट विचारायचं म्हटलं की वयाचा प्रश्न येतो. मुलांच्या आयुष्याची प्रत मोजणाऱ्या, जेम्स वार्नी यांच्या पेड्सक्यूएल या प्रश्नावलीत वयाप्रमाणे वेगळे तक्ते आहेत: २ ते ४ वर्षांसाठी फक्त पालकांचा, पुढे ५ ते ७, ८ ते १२ आणि १३ ते १८ वर्षांसाठी मुलांचाही. २००२ मध्ये संधिवाताच्या मुलांसाठी तिचा खास भागही प्रसिद्ध झाला. ५ ते ७ वर्षांच्या मुलांना प्रश्न वाचून दाखवतात आणि उत्तरं तीनच ठेवतात, चेहऱ्यांच्या चित्रांसह. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. सहा वर्षांच्या मुलाचा ‘गेला आठवडा’ म्हणजे काल, किंवा मावशी आली होती तो दिवस, किंवा इंजेक्शनचा दिवस. त्याला चार पायऱ्यांची उतरंड दिली की तो पहिली आणि शेवटचीच वापरतो.

चेहऱ्यांचीही एक गोष्ट आहे. दुखणं दाखवणाऱ्या काही चित्रपट्ट्यांत एका टोकाला हसरा चेहरा असतो आणि दुसऱ्या टोकाला रडका. २००१ मध्ये सुधारून आलेल्या ‘फेसेस पेन स्केल’मध्ये ६ चेहरे आहेत, पहिला हसत नाही, शेवटच्याला अश्रू नाहीत. दुखण्याने चेहरा आक्रसत कसा जातो, एवढंच दाखवलंय. दुखणं आणि दुःख यांची सरमिसळ नको, हा विचार त्यामागे आहे. वर्षानुवर्षं आजारी असलेलं मूल दुखत असताना हसू शकतं. हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, तर ते काय सांगतंय हे कळायला मार्ग नाही. मापपट्टीच्या दिशेचाही विचार करावा लागतो. उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्या मुलाला ‘काहीच नाही’ कुठल्या टोकाला दिसायला हवं?

सकाळचं आखडणं हा तर वेगळाच पेच. हे या आजाराचं ठळक लक्षण, आणि प्रश्न विचारला जातो दवाखान्यात, उन्हं डोक्यावर आल्यावर, सांधे सैल झाल्यावर. लहान मूल ‘माझे सांधे आखडतात’ असं म्हणत नाही. ते उचलून घे म्हणतं. जिना बसून उतरतं. दात घासायला नेलं की चिडतं. २०११ मध्ये आलेल्या ‘जमार’ या बहुअंगी प्रश्नावलीत दुखणं, कामं, आयुष्याची प्रत, औषधांचे दुष्परिणाम, शाळेतल्या अडचणी असे एकूण १५ भाग आहेत, त्यात सकाळच्या आखडण्यालाही जागा आहे. रेघेवर खूण करायच्या जागी तिथे अर्ध्या-अर्ध्या अंकांची २१ वर्तुळं दिलीत. रेघेपेक्षा ती भरायला सोपी जातात. पालकांसाठी एक आणि मुलासाठी एक असे दोन तक्ते. २०१८ पर्यंत ५२ देशांत ५४ भाषांमध्ये तिचं रूपांतर होऊन तपासणी झाली.

हे दोन तक्ते वेगवेगळे भरून घ्यायला हवेत, एकाच बाकावर शेजारी बसून नव्हे. चालणं-धावणं अशा दिसणाऱ्या गोष्टींत आईबाप आणि मूल बऱ्यापैकी जुळतात. दुखणं आणि मनातलं यांत तेवढे जुळत नाहीत. म्हणून त्यातलं एक खोटं ठरत नाही. आई जे रात्री जागून बघते आणि मूल जे वर्गात सोसतं, ती दोन वेगळी माहिती आहे. ती एका सरासरीत घोळवली की दोन्ही हातची जातात.

आता औषधं सुधारली आहेत. १९९९ मध्ये अमेरिकेत मुलांच्या संधिवातासाठी इटानरसेप्टला मान्यता मिळाली आणि त्यापाठोपाठ इतर जैविक औषधं (सजीव पेशींच्या मदतीने बनवलेली) आली. ती ज्यांना मिळतात त्या मुलांचे सीएचएक्यूचे गुण पुष्कळदा शून्याला टेकलेले असतात. आनंदाचीच गोष्ट. पण त्यामुळे शून्याचं ओझं आणखी वाढलंय: खरंच धडधाकट असलेलं मूल आणि मनगटांनी नळ उघडणारं मूल एकाच रांगेत उभी राहतात. संशोधकांनी प्रश्न वाढवून, उत्तरांच्या पायऱ्या बदलून बघितलंय. थकव्याबद्दल, शाळेबद्दल, मित्रांबद्दल अधिक विचारायला हवं, याला माझा पाठिंबा आहे. तरी काही गोष्टी कुठल्याच प्रश्नाला सापडणार नाहीत. या आजारात काही मुलांच्या डोळ्यांच्या आत सूज येते, आणि डोळा ना लाल होतो ना दुखतो. तिथे ‘त्रास नाही’ हे अगदी खरं उत्तर असतं, आणि तरी नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पखाली (डोळ्याच्या आतलं दाखवणाऱ्या उपकरणाखाली) नियमित तपासणी चुकवता येत नाही, कारण वेळेत उपचार झाले नाहीत तर दृष्टी जाऊ शकते.

एका गोष्टीचं मात्र मला अजून कोडं आहे. एवढ्या कष्टाने घडवलेला कागद भरून झाला की तो फायलीत जातो, आणि भरणाऱ्याला त्याचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. जमारसारख्या प्रश्नावल्या तर रोजच्या तपासणीत वापरता याव्यात म्हणूनच बेतलेल्या आहेत. तपासणीच्या वेळी तो कागद टेबलावर, मुलाला दिसेल असा उघडा असायला हवा.

एकदा तसं घडताना मी पाहिलं. चौदा वर्षांची मुलगी, समोर आधीचा आणि आताचा असे तिचे दोन तक्ते. डॉक्टर म्हणाल्या, “दोन्ही वेळा धावण्या-खेळण्यात त्रास नाही लिहिलंयस. छान आहे.” मुलीने दोन्ही कागद ओढून घेतले, पुन्हा वाचले आणि म्हणाली, “मॅडम, मी खेळायला जायचंच बंद केलंय. म्हणून त्रास नाही.” आईने चमकून तिच्याकडे पाहिलं. कधीपासून, का, कोणत्या पायामुळे, असं बोलणं सुरू झालं. मग डॉक्टरांनी तिला उठवून उजवा घोटा तपासला आणि सोनोग्राफी लिहून दिली.